उजवा हातमोजा

हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात उभी राहून हिल्के तिघांचे डबे भरत होती. पाव, लोणी, चीज, सगळं ग्रोनिंगनहून पिशवीत बांधून आणलेलं. येल्मरच्या पावावर तेवढा चॉकलेटचा चुरा. वीस वर्षांचा घोडा झाला तरी दुपारच्या पावावर त्याला तो लागायचाच. शेजारी एक बेल्जियन मुलगा कॉफी ओतून घेत होता. त्यानं डब्यांकडे बघून मान हलवली.

“हॉलंडवाले ना? घरचा पाव बांधून परदेश बघायला निघणारी माणसं दुसरी नाहीत जगात.”

“तुमच्या पावाचे भाव बघून आजोबांनी शिकवलंय तसं,” निन्के म्हणाली आणि आपला डबा उचलून चालती झाली. निन्के कायदा शिकत होती. उत्तर खिशात ठेवूनच ती फिरायची.

ग्रोनिंगनला हे तिघं एकाच घरात खोल्या घेऊन राहत. येल्मर इमारती बांधायचं शिकत होता, निन्के कायदा आणि हिल्के नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. तिघांत शेवटी आलेली हिल्के. शेतावरची पोर, हळू बोलणारी, दुसऱ्याच्या विनोदाला सगळ्यांत आधी हसणारी. त्या दोघांनी ‘चल गं, बेल्जियमला, ब्रुजला जाऊन येऊ’ म्हटलं तेव्हा तिला आतून केवढं बरं वाटलं होतं! कारण मधे एक भानगड झालेली होती.

वसंतातल्या एका पार्टीत कालव्याच्या काठाशी एक मुलगा आडवा पडलेला तिला दिसला. हाक मारली, उठेना. हिल्केनं घाबरून ॲम्ब्युलन्स बोलावली. गाडी भोंगा वाजवत आली, दोन माणसं स्ट्रेचर घेऊन धावली, आणि तो पठ्ठ्या उठून बसला, जांभई देऊन म्हणाला, “काय झालं? जेवण लागलं का?” झालं! त्या दिवसापासून हिल्केचं नाव पडलं सायरन. कुणी शिंकलं की, “बोलवा सायरनला.” कुणाचं बोट कापलं की, “सायरन, वाजव!” ती हसायची. पण आपण पुन्हा म्हणून असं हसं करून घ्यायचं नाही, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. सगळं पुढचं रामायण ह्या एवढ्याशा गोष्टीतून झालं.

बाहेर गारठा होता. हिल्केनं हातमोजे चढवले. निळे, वर पांढरी चांदणी, आणि मनगटाशी लाल धाग्यानं विणलेलं तिचं आद्याक्षर. पोर वस्तू हरवते म्हणून आईनं मुद्दाम घातलेलं. काल सकाळीच ग्रोनिंगनमध्ये सायकलवरून कॉलेजला जाताना ह्याच मोज्यांनी तिची बोटं वाचवली होती.

शनिवार होता, नोव्हेंबरची पहिली तारीख. गावभर नुसती शेवंती. प्रत्येक चौकात, दुकानाच्या दारात, पुलाच्या कठड्याशी शेवंतीच्या कुंड्या. पिवळ्या, पांढऱ्या, जांभळट.

“काय सुंदर!” हिल्के म्हणाली. “सण आहे वाटतं.”

“तुझं आपलं प्रत्येक गावात सण आहे,” येल्मर म्हणाला.

ते मनोऱ्यावर चढून आले, कालव्यातले हंस बघून झाले, बाकावर बसून डबे खाल्ले. मग पाय नेतील तिकडे भटकायला लागले. एका अरुंद गल्लीत जाड लाकडी दार अर्धवट उघडं होतं. आत हिरवळीचा चौकोन आणि भोवतीनं पांढरी, बुटकी, एकमेकांना टेकलेली घरं. विणकरांच्या संघानं कधीकाळी गरीब विधवांसाठी बांधलेली धर्मघरं ही. आजही त्यांत म्हातारी माणसं राहतात, पण तिघांना आत कुणी दिसलं नाही. दोन दारांच्या मधे एक पाटी उभी होती: ‘जुन्या काळचं घर. आत येऊन पाहा.’ खाली बाण. बाण डावीकडच्या दाराकडे की उजवीकडच्या, ते नीट कळत नव्हतं. उजवीकडचं दार नुसतं लोटलेलं होतं.

“तिकिटाला कुणीच नाही,” येल्मर कुजबुजला. “देव पावला.”

आत ऊब होती. लहानशी खोली, कोपऱ्यात कोळशाची शेगडी, खुंटीवर शाल, टेबलावर बशीत साखर लावलेली बिस्किटं. कॉफीचा वास येत होता आणि त्याच्याखाली आणखी एक वास होता, फुलदाणीतलं पाणी बरेच दिवस बदललं नाही की येतो तसा. खिडकीशी लेस विणायची गोल उशी होती, तिच्यावरून धाग्यांना अडकवलेल्या लाकडी काड्या लोंबत होत्या. खिडकीबाहेर एक छोटा आरसा तिरका बसवलेला होता. आत खुर्चीत बसल्या बसल्या रस्ता सगळा दिसावा, रस्त्याला आपण दिसू नये, अशी ती सोय.

आणि खुर्चीत म्हातारी होती. तपकिरी स्वेटर, केसांचा बारीक अंबाडा, नजर त्या आरशाकडे.

“बापरे!” निन्के आधी दचकली आणि मग हसत सुटली. “मेणाची आहे! पण काय केलीय हो… गालावरची लव बघ.”

येल्मरनं आपली लोकरी टोपी काढून म्हातारीच्या डोक्यावर घातली आणि कमरेत वाकला. “मादाम, आपण आज फार सुंदर दिसता.” निन्केनं बशीतलं एक बिस्कीट उचलून अर्धं तोडलं. “अगं, खरं आहे! शिळं आहे पण खरं आहे,” असं म्हणून उरलेलं तिनं परत ठेवून दिलं. दोघांना हसू आवरेना. हिल्केही हसली. हसता हसता तिची नजर म्हातारीच्या तोंडावर गेली. उजवीकडचा कोपरा खाली ओघळला होता, तिकडची पापणीही किंचित उतरलेली. असा चेहरा तिनं पुस्तकात पाहिला होता. पुतळा घडवणाऱ्यानं एवढं बारीक कशाला करावं, असं तिला वाटून गेलं.

“मादाम, ओळख करून देतो,” येल्मरचा उत्साह उतू चालला होता. “ह्या आमच्या डॉक्टरीणबाई, सायरन. सायरन, हात मिळव. अं हं, मोजा काढ आधी. मोठ्या माणसांशी मोजे घालून हात मिळवतात का?”

हिल्केनं उजव्या हाताचा मोजा काढला आणि म्हातारीच्या मांडीवर ठेवला. तिचा हात हातात घेतला.

तो गार होता. पण मेणासारखा नव्हता. कातडी हाडावरून सरकली. हिल्केची बोटं सवयीनंच मनगटाच्या आतल्या बाजूला गेली. शिकवलेलं अंगात भिनलेलं असतं. आणि तिथं, अगदी खोल, काहीतरी उडत होतं. सावकाश. चिवट. एक ठोका… मग बराच वेळ काही नाही… मग दुसरा.

म्हातारीची बोटं हलके मिटली. हिल्केच्या बोटांवर.

“अरे…” हिल्के म्हणाली. “ऐका ना… हिची…”

“काय?” येल्मर वळला. त्याच्या डोळ्यांत हसू आधीच येऊन बसलं होतं. “नाडी लागली? बोलवायची गाडी?”

निन्के खुर्चीची पाठ धरून खिदळायला लागली. “नको गं बाई, मागच्या वेळी ते ड्रायव्हर काय चिडले होते!”

कानशिलं तापली हिल्केची. त्या एका क्षणात तिला सगळं दिसलं. आपण ओरडतोय, लोक जमलेत, संग्रहालयाचा कुणी माणूस येतो आणि म्हणतो, बाई, हा पुतळा आहे. आणि मग ग्रोनिंगनभर ती गोष्ट. पुतळ्याला ॲम्ब्युलन्स बोलावणारी. लग्नात, बारशात, जन्मभर.

“काही नाही,” ती म्हणाली. “हात… छान केलाय.”

आणि तिनं आपली बोटं सोडवून घेतली. सोडवून घ्यावी लागली, हे तिला पुरतं कळलं होतं. येल्मरनं टोपी उचलली आणि तिघं बाहेर पडले. बाहेर पडताना हिल्केनं त्या तिरक्या आरशात पाहिलं. आरशातून म्हातारी तिच्याकडे बघत होती. डोळे ओले होते.

पुढचे दोन तास कसे गेले ते तिचं तिलाच ठाऊक. येल्मर आणि निन्के कागदाच्या कोनातले तळलेले बटाटे खात होते, अंगठी चोरणाऱ्या हंसाची कसलीशी गोष्ट सांगून हसत होते. हिल्केनं आपला कोन येल्मरला देऊन टाकला. ती स्वतःला समजावत होती: खोली उबदार होती म्हणून कातडी मऊ लागली, आपलीच नाडी आपल्याला लागली, असं होतं, शिकाऊ मुलींचं होतं. सगळं पटत होतं. फक्त ती मिटलेली बोटं पटत नव्हती. मदतीला हात धरणाऱ्याला झिडकारून आलेल्या माणसासारखं तिला वाटत होतं, आणि ते वाटणं काही केल्या पुसलं जात नव्हतं.

अंधारून यायला लागलं तशी ती उठली. “माझा मोजा राहिला तिथं. घेऊन येते.”

“आम्ही येतो की.”

“नको. बसा तुम्ही.”

मोज्याचं निमित्त मिळालं ह्याचं तिला बरं वाटलं, आणि निमित्त लागावं ह्याची लाजही वाटली. वाटेत पुलापाशी फुलवाली आवराआवर करत होती. हिल्के थांबली. समजा ती म्हातारी खरीच असली, जिवंत असली, आपण तिच्या घरात घुसून तिची टवाळी करून आलो असलो, तर रिकाम्या हातानं माफी कशी मागायची? तिनं पांढऱ्या शेवंतीची एक कुंडी घेतली. फुलवालीनं कुंडीला काळी रिबीन बांधली आणि हळू आवाजात म्हणाली, “धीर धर, पोरी.” हिल्केला वाटलं, इकडची बोलायची पद्धत असेल.

धर्मघरांच्या चौकात आता एका खिडकीत दिवा होता. पाटीच्या डावीकडच्या दारात काळा कोट घातलेली एक बुटकी म्हातारी दाराला कुलूप लावत होती.

“बंद झालं आता बघायचं,” ती न वळताच म्हणाली. मग तिनं वळून कुंडी पाहिली आणि तिचा चेहरा एकदम निवळला. “अगं बाई… गोदेलीवसाठी आणलीस?”

नाव हिल्केला माहीत नव्हतं. पण उजवीकडच्या दाराकडे म्हातारीचा हात गेला तेव्हा कुणाबद्दल चाललंय ते कळलं.

“बोलण्यावरून हॉलंडची दिसतेस. फुलवालीशी बोलत होतीस तेव्हा पुलापलीकडनं ऐकू आलं, तुमचे आवाजच तसले. पण रीत ठाऊक आहे हो तुला. नाहीतर तुमच्याकडची माणसं शेवंती वाढदिवसाला नेतात म्हणे! इथं ती फक्त मेलेल्यांना.” तिनं कुंडी हातात घेतली. “मी इर्मा. तिची शेजारीण, आणि ह्या जुन्या घराची चावीही माझ्याकडेच.”

“मेलेल्यांना…” हिल्के पुटपुटली. “कधी… गेल्या त्या? आत्ता? दुपारी?”

“दुपारी कुठली? गुरुवारी. काल नेलं इथून.”

हिल्केच्या छातीवरचा दगड उतरला. खरंच उतरला! म्हणजे जे काही खुर्चीत होतं तो पुतळाच. म्हणजे आपण कुणाला मारलं नाही. तिला हसूच आलं असतं. आणि दुसऱ्याच क्षणी स्वतःची शिसारी आली, एक बाई मेली हे ऐकून आपण सुटकेचा श्वास टाकतोय म्हणून.

“पण मग… तो पुतळा? त्या घरातला?”

“कसला पुतळा? आमच्याकडे पुतळा नाही. आणि बघायचं घर हे, डावीकडचं. ते गोदेलीवचं. ये, दाखवते.”

तिनं खिशातून किल्ली काढली. उजवीकडचं दार कुलूपबंद होतं. आत गोठवणारा गारठा. शेगडी विझलेली, राख काढून घासून ठेवलेली. खुर्चीवर पांढरी चादर घातलेली होती आणि चादरीखाली काही नव्हतं. टेबलावर बिस्किटांची बशी होती. वरच्या बिस्किटाचा अर्धा भाग तोडलेला.

“उंदीर झाले वाटतं,” इर्मा म्हणाली आणि बशी उचलली. “तू ओळखायचीस का गं तिला?”

तेव्हा सांगायला हवं होतं. दार उघडं होतं, म्हातारी प्रेमळ होती, ऐकायला दुसरं कुणी नव्हतं. हिल्केच्या ओठांवर आलंही होतं.

“हो…” ती म्हणाली. “थोडीशी.”

“मग तुला सांगायला हवं.” इर्मानं आवाज खाली आणला. “मी बहिणीकडे गेले होते, समुद्रावर. काल सकाळी परत येते तो चौकात एक कुटुंब उभं. बाप मला म्हणतो, बाई, तुमचा पुतळा फार सुंदर आहे हो, अगदी जिवंत वाटतो. मला कळेचना. मग कळलं… आणि मी धावले. डॉक्टर म्हणाले, मंगळवारी झटका आला असणार. जीव गेला गुरुवारी. मधे दोन दिवस ती इथं बसून होती. हलता येईना, बोलता येईना, पण बघत होती बिचारी. लोक खिडकीतून वाकून बघायचे. हात हलवायचे. मुलांना उचलून दाखवायचे. आणि ही आरशातून त्यांच्याकडे…”

नाकाला रुमाल लावून ती खुर्चीकडे बघत राहिली.

“एकानं जरी आत येऊन हात धरला असता ना… नाडी लागली असती हाताला. वाचलीही असती. पण येतंय कोण? सगळ्यांना बघायचं असतं.”

हिल्केला खोली फिरल्यासारखी वाटली. आपण आत आलो होतो. आपण हात धरला होता. नाडी लागली होती. ती वाट बघत बसलेली होती, मरून दोन दिवस झाले तरी वाट बघत बसलेली होती, आणि तिला मिळाली कोण, तर हिल्के!

“मी निघते,” ती कशीबशी म्हणाली आणि खिशातून उरलेला मोजा काढून हातात चढवायला लागली. मोजा नीट बसेना. इर्मानं तिचा हात धरला. दिव्याखाली नेला. निळी लोकर, पांढरी चांदणी, मनगटाशी लाल अक्षर.

“ह्याचा जोड कुठाय?” इर्मानं विचारलं. अगदी हळू.

“…हरवला.”

“तिच्या हातात आहे, पोरी. काल सकाळी मला सापडली तेव्हा उजव्या हातात तोच चढवलेला होता. निळा, चांदणीचा, हे अक्षरसुद्धा. आम्ही काढायला गेलो तर बोटं सुटेनात. शेवटी म्हटलं, राहू दे, तिला ऊब हवी असेल.” तिनं हिल्केच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं. मग एकाएकी तिचे डोळे भरले. “म्हणजे तू आली होतीस तिला भेटायला आधी. तूच दिलास. केवढं माझ्या मनावरचं ओझं उतरलं, देव तुझं भलं करो! कुणीतरी होतं तिच्याजवळ.”

काल सकाळी तो मोजा हिल्केच्या हातात होता. ग्रोनिंगनमध्ये, सायकलच्या दांडीवर. तिला स्पष्ट आठवत होतं. पण ते सांगायचं म्हणजे सगळंच सांगायचं, टोपीचं, बिस्किटाचं, ‘काही नाही’चं. आणि ही म्हातारी आपल्याकडे देवाचं माणूस बघावं तशी बघतेय. हिल्के मान खाली घालून उभी राहिली. इर्माला ते दुःख वाटलं.

“चल माझ्याबरोबर. इथंच आहे, पुलापलीकडे. आज शेवटचं दर्शन. सोमवारी दहा वाजता माती. तू नाही आलीस तर तिला चुकल्यासारखं वाटेल.”

नाही म्हणायचंही धाडस तिच्यात नव्हतं.

अंत्यविधीवाल्याच्या त्या खोलीत मेणबत्त्या होत्या आणि सगळीकडे शेवंती. चार-पाच म्हाताऱ्या भिंतीशी बसल्या होत्या. इर्मा त्यांच्या कानात काहीतरी कुजबुजली आणि त्या सगळ्या हिल्केकडे बघून मायेनं माना हलवायला लागल्या. एकीनं उठून तिला जागा करून दिली. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते हिल्केला तिथं कळलं.

एकेक जणी पुढं होऊन हिरवी डहाळी पवित्र पाण्यात बुडवून पेटीवर पाणी शिंपडत होती, मृतेच्या हाताला हात लावून मागं सरत होती. हिल्केची पाळी आली. पेटीत तीच होती. तपकिरी स्वेटर, बारीक अंबाडा. ओठाचा कोपरा ओघळलेला. डोळे मिटलेले. छातीवर दोन हात, आणि उजव्या हातात निळा मोजा.

“हात लाव,” इर्मा मागून म्हणाली. “निरोप घे.”

हिल्केनं मोज्याच्या काठाशी, लाल अक्षराच्या वर, बोटं टेकवली. गारठलेलं, घट्ट, लाकडासारखं मनगट. दोन दिवसांचं मेलेलं. हे तिला कळत होतं, तिचा अभ्यास होता.

एक ठोका.

मग बराच वेळ काही नाही.

मग दुसरा… सावकाश. चिवट.

काळ्या कोटातला माणूस झाकण धरून उभा होता. तो अदबीनं थांबला होता. “काही म्हणायचंय का तुम्हाला?”

सगळ्या म्हाताऱ्या बघत होत्या. मेणबत्तीची वात चर्र वाजली. ‘थांबा’. एवढा एकच शब्द हवा होता. वेडी म्हटली असती, हाकलून दिली असती, इर्मानं तोंडात मारली असती फार तर. मोज्यातली बोटं किंचित, अगदी किंचित, वळली. विनवल्यासारखी.

“…काही नाही,” हिल्के म्हणाली.

झाकण बसलं. त्या माणसानं एकेक स्क्रू शांतपणे फिरवला. इर्मानं हिल्केला पोटाशी धरलं आणि ती रडली, आणि इर्मा म्हणत राहिली, “रड, पोरी, रड. चांगल्या मनाची आहेस.”

“मिळाला का मोजा?” हॉस्टेलवर येल्मरनं विचारलं.

“नाही.”

“घर बंद?”

“हं.”

निन्केनं तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. रविवारी गाडीत दोघं झोपा काढत होती. हिल्के उघडा उजवा हात कोटाच्या खिशात घालून बसली होती. मनगटात तिची नाडी चालू होती, नेहमीची, तरुण, भरभर. आणि तिच्या खाली दुसरी.

सोमवारी सकाळी नाडी मोजण्याचाच तास होता. जोड्या केल्या होत्या. हिल्केच्या जोडीदारणीनं तिचं उजवं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत राहिली. दहाचा सुमार असेल. बघता बघता तिच्या कपाळाला आठी पडली.

“हिल्के… पळून आलीस का कुठून? अगं, ही केवढी उडतेय!”

डावं मनगट शांत होतं. उजव्यात मात्र ठोक्यावर ठोका, ठोक्यावर ठोका, कुणीतरी बंद दारावर दोन्ही हातांनी बडवत सुटावं तसा. बाई चष्मा सावरत जवळ आल्या. सगळा वर्ग वळून बघायला लागला. मागच्या बाकावरून कुणीतरी दबक्या आवाजात सायरन वाजवला.

“काय होतंय?” बाईंनी विचारलं. “बोल ना.”

“काही नाही,” हिल्के म्हणाली.

दुपारपर्यंत ते बडवणं कमी होत गेलं. संध्याकाळी पुन्हा सगळं पूर्वीसारखं झालं. एक ठोका, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा. थांबलं मात्र नाही. ते अजून थांबलेलं नाही.

नाताळला ती घरी गेली. डावा मोजा तिनं ब्रुजहून आल्या आल्या बॅगेच्या तळाशी टाकला होता, त्यानंतर एकदाही बाहेर काढला नव्हता. आईनं धुवायचे कपडे काढताना तो काढला आणि खिडकीपाशी उजेडात धरला.

“हिल्के, अगं कशावर घासलास हा? मागच्याच वर्षीची लोकर, इतकी चांगली होती.” तिनं मोजा उलटा करून बघितला. पाचही बोटांची टोकं झिजून भोकं पडली होती, धागे लोंबत होते, आणि त्या धाग्यांत लाकडाचे बारीक पिवळे कपचे अडकले होते. “हे काय आहे गं?”

हिल्केनं उजवा हात पाठीमागं नेला.

“काही नाही,” ती म्हणाली.